झोपेत अडकवलेली बोटं

निघताना गावात असं सांगितलं होतं की आम्ही नरसोबाच्या वाडीला दर्शनाला चाललो आहोत. वाडीला गेलो, ते खरं आहे. पण एका दुपारपुरते. बाकी सगळे दिवस आम्ही मिरजेत होतो, आणि देवासाठी नव्हे, माझ्या भूमीच्या उजव्या हातासाठी गेलो होतो. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आणि तेव्हापासून बोलायची वेळ आली की घसा बंद होतो. लिहिताना तसं होत नाही. म्हणून हा प्रवास जसा झाला तसा लिहून ठेवते.

अंजूर

भूमी दीड वर्षाची आहे. जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट एकाच कातडीत होती. हाडं वेगळी, नखं वेगळी, मध्ये कातडीचा पडदा. नर्सनं तो हात दाखवला, आणि मी रडायच्या आधी बाय म्हणाल्या, "हिनं गिराण पाळलं न्हाय."

बाय म्हणजे यांची थोरली बहीण. सगळं घर त्यांना बाय म्हणतं. लग्नानंतर वर्षभरात सासरच्यांनी त्यांना परत पाठवलं. चालताना त्या थोड्या लंगडतात. लहानपणी भातकापणीत पायाला विळा लागला होता, असं मला सांगितलेलं. सासूबाई गेल्यापासून घर त्याच चालवतात.

ग्रहण मी पाळलं होतं. सातवा महिना होता. मी पाटासारखी सरळ पडून राहिले. सुई नाही, विळी नाही, पाण्याचा घोट नाही. बाय स्वतः उशाशी बसल्या होत्या. यांनी त्यांना त्याची आठवण करून दिली, तेव्हा बायंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग झोपेत बोटांत बोटं अडकवली असतील."

झोपेत! यावर काय उत्तर द्यायचं? जागेपणी काय केलं ते माणूस सांगू शकतं. झोपेत माझे हात कुठं होते याची साक्ष कोण देणार? आठ दिवसांत गावभर झालं की वनितानं झोपेत बोटं अडकवली. नळावर बायका माझ्या हातांकडं बघायच्या, जणू त्यांतून अजून काहीतरी सांडणार आहे.

आता मला पुन्हा दिवस गेले आहेत. तिसरा महिना लागला आणि बायंनी नवा नेम काढला. माझे वडील नारपोलीत कापडाच्या लूमवर आहेत. भूमीच्या दुपट्यांसाठी त्यांनी मऊ सुती कापड पाठवलं होतं. त्यातलं उरलेलं फाडून बायंनी दोन पट्ट्या केल्या. रात्री माझा एक हात पलंगाच्या या बाजूला बांधायचा, दुसरा त्या बाजूला. गाठ सैल असते, दुखत नाही. पण खाडीकाठचे डास काय असतात ते ज्याला माहीत आहे, त्यानं एकदा हात बांधून झोपून पाहावं. भूमी रडली तर तिला जवळ घ्यायला आधी यांना उठवावं लागतं, गाठ सोडवायला. हे म्हणायचे, "बायचं मन राहू दे. थोडे दिवस काढ." बांधलेले हात यांचे नव्हते.

ऑपरेशन ठाण्यात झालं असतं, मुंबई तर दारात आहे. पण तिथं ओळखीचं कुणी भेटेल, गावात कळेल, ही बायंना भीती. मिरज लांब आहे, जवळ वाडी आहे, म्हणजे सांगायला देव आहे. म्हणून मिरज.

निघताना बायंनी कुंकवाचा चांदीचा करंडा काढला. हा करंडा यांच्या पायांसाठीच आहे. यांच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन दोन बोटं जोडलेली आहेत. सासऱ्यांचीही होती म्हणतात. घरात त्याला लक्ष्मीचा जोड म्हणायचं. खाडीलगतच्या ज्या खारट जमिनीत धड भात होत नव्हता, तिच्यावर गोडाऊन उभं राहिलं आणि भाडं सुरू झालं, ते या बोटांमुळं. भाऊबीजेला बाय आधी त्या बोटांना कुंकू लावतात, मग कपाळाला. पाडव्याला मीही लावत आले. तसंच त्या दिवशीही बायंनी लावलं, यांनी वरून मोजे चढवले, बूट घातले आणि गाडी काढली.

मिरज

वाटेचं फार सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या पुढं घाट उतरला आणि हवा कोरडी झाली. कराडच्या पुढं उसाशिवाय काही दिसेना. आमच्याकडं शेताला पत्र्याचं कुंपण लागलं की समजायचं, आता इथं गोडाऊन येणार. इथं कुंपणच नाही, नजर जाईल तिथं ऊस. मला ते बघून हेवा वाटला. बायंना नाही वाटला. "नुसता ऊस खाऊन काय माणूस जगतंय?" म्हणाल्या. त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके बोंबील बांधून घेतले होते. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत दिवसभर ते बोंबील होते, एवढंच लिहिते.

लॉजवर पाय ठेवला तशी मालकीणबाई पदर नाकाला लावून बाहेर आली.

"आवं, ह्यो कसला वास? काय मेलंबिलं का काय पिशवीत?"

"मेलेलंच हाय," बाय म्हणाल्या. "सुकं बोंबील हाय ते."

"आमचं शाकाहारी लॉज हाय वो! भाईर ठेवा ते."

बोंबील गाडीच्या डिकीत गेले. रात्री मालकीणबाईनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा दिला. आमच्या पांढऱ्या मऊ भाकरीपुढं ती भाकरी जाड वाटली, पण खर्ड्याबरोबर मी दोन खाल्ल्या. बाय प्रत्येक घासाला "काय ही भाकर" म्हणत होत्या आणि तिसरी मागत होत्या.

बायंनी पट्ट्या सोबत आणल्या आहेत हे मला झोपताना कळलं. लॉजच्या खाटेला बांधण्यासारखं काही नव्हतं. एक हात खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा कपाटाच्या कडीला. सकाळी मालकीणबाई गरम पाणी घेऊन आली तेव्हा पट्ट्या तशाच लोंबत होत्या.

"हे काय? सलाइन लावलं हुतं का कुणाला?"

तिनं माझ्या मनगटांकडं पाहिलं, मग पोटाकडं. "आमच्याकडं म्हशीला बी दोन्ही बाजूनं बांधत न्हाईत," म्हणाली आणि बादली ठेवून गेली. परक्या बाईला एका नजरेत दिसलं ते माझ्या घराला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं. मला तिचा राग आला नाही. माझाच आला.

हाताच्या डॉक्टर बाईच होत्या. केस पांढरे, बोलणं भराभर. भूमीला मांडीवर घेऊन मी समोर बसले होते, पण त्या सगळं यांना विचारत होत्या. बाळंतपण कसं झालं, ताप आला होता का, गोळ्या कुठल्या घेतल्या. माझ्या पोटातलं यांना विचारत होत्या! हेही मान हलवून उत्तरं देत होते. मग यांनी विचारलं, "डॉक्टर, हे होतं कशानं?" बाय लगेच पुढं सरकल्या. त्यांना वाटलं, आता माझं नाव निघणार.

डॉक्टरांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"अंजूर. भिवंडीजवळ. खाडीवरचं."

"मग वल्हं माहीत असेल. बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा असतो. सपाट. बोटं नसतात." त्यांनी आपला पंजा बोटं मिटून दाखवला. "लोकांना वाटतं, झाडाला फांदी फुटावी तशी बोटं फुटतात. तेवढ्यानं होत नाही. बोटांच्या जागी हाडं धरतात, आणि मधल्या जागेतल्या पेशी मरतात. त्या मेल्या की फट पडते आणि बोट मोकळं होतं."

"मरतात?" हे म्हणाले.

"मरायलाच हव्यात. पोटात एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. नुसत्याच वाढत राहिल्या तर मांसाचा गोळा होईल, बाळ होणार नाही. कुणी वाढायचं, कुणी थांबायचं, कुणी मरायचं, याचे निरोप पेशी एकमेकींना देत असतात. ज्यांना मरायचा निरोप मिळतो त्या आपलं आपण आवरून घेतात. सडत नाहीत, सूज नाही. शेजारच्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. बाळाला सुरुवातीला बारकी शेपटी असते, तीही अशीच जाते. बदकाच्या पायात मात्र हा निरोप अडवलेला असतो, म्हणून त्याचा पडदा राहतो. तुमच्या मुलीच्या या दोन बोटांमध्ये निरोप नीट पोचला नाही. ज्या पेशी मरायच्या त्या जगल्या."

मी भूमीचा हात उघडून बघत होते. जगल्या म्हणून चूक. असं काही कधी ऐकलं नव्हतं.

"हे कधी होतं?" यांनी विचारलं.

"दुसरा महिना संपेपर्यंत हाताचं काम झालेलं असतं. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचीही धड खात्री नसते."

दुसरा महिना. ग्रहण लागलं सातव्यात. मी तहानेनं जीभ चिकटवून पाटासारखी पडले होते तेव्हा भूमीची बोटं होऊन कधीची झाली होती. त्या दिवशी मी झोपेत काय, जागेपणी दोरखंड वळले असते तरी त्या बोटांना काही होणार नव्हतं.

"घरात कुणाला असं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "हाताला, पायाला? हे बऱ्याचदा घराण्यातून येतं."

"नाही," हे म्हणाले.

खोटं बोलले नाहीत. त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आजार वेगळा आणि लक्ष्मी वेगळी, असंच ते शिकले आहेत. बायही म्हणाल्या, "आमच्यात कुणाला न्हाय. हिच्या माहेरचं बघा."

माझा घसा बंद झाला होता. तरी मी बोलले. आवाज आला नसावा, कारण डॉक्टर म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"यांचे पाय बघा."

"बूट काढा," डॉक्टर म्हणाल्या.

"ते पुण्याईचं हाय!" बाय उठून उभ्याच राहिल्या. "त्याचा काय संबंध हिच्या हाताशी?"

यांनी बूट काढले, मोजे काढले. बोटांवर कालचं कुंकू तसंच होतं. डॉक्टर खाली वाकल्या, दोन्ही पाय पाहिले आणि म्हणाल्या, "हे तेच आहे. कुणाच्या पायात दिसतं, कुणाच्या हातात, कुणाच्या दोन्हीत. वडिलांकडून आलंय. प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी."

तोंड उघडलंच आहे तर, म्हणून मी पुढचं विचारलं. "आणि आता पोटात आहे त्याचं?"

"कितवा महिना?"

"चौथा सरत आला."

"मग त्याची बोटं झाली. जशी व्हायची तशी."

"माझे हात बांधतात," मी म्हणाले. "झोपताना. बोटं अडकू नयेत म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या यांच्याकडं बघत राहिल्या. हे आपल्या उघड्या पायांकडं बघत राहिले.

मला वाटलं, संपलं. पण नाही. लॉजवर आल्यावर बाय म्हणाल्या, "दुसऱ्या महिन्यात काय खाल्लं व्हतंस गो तू?"

सातव्या महिन्यातून सुटले तर दुसऱ्यात धरलं. यांच्या पायावर कुंकू दिसत असताना धरलं! म्हणजे माझा गुन्हा आधी ठरलेला होता, तो कुठल्या महिन्यात ठेवायचा एवढाच प्रश्न होता. हेसुद्धा मान खाली घालून "जाऊ दे गो" म्हणाले. काय जाऊ दे? कुणाचं जाऊ दे?

बायंनी पट्ट्या उचलल्या तेव्हा मी खाटेवर बसले आणि त्यांच्यासमोर माझ्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. छातीवर ठेवली. तशीच आडवी झाले. बाय पट्ट्या धरून उभ्या होत्या. यांनी उठून त्यांच्या हातातून त्या काढून घेतल्या आणि उशीखाली सारल्या. लग्न झाल्यापासून बहिणीच्या हातातून यांनी काही काढून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पण तेही मी बोटं अडकवल्यावर.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. भूमीला पहाटेपासून उपाशी ठेवलं होतं. ती माझा पदर ओढून दूध मागत होती आणि मला द्यायचं नव्हतं. ते सोडून सगळं सोसलं. पडदा चिरला, आणि कातडी पुरेना म्हणून जांघेतली थोडी घेऊन बोटांच्या कडांना लावली. हात बाहेर आला तो पांढऱ्या गाठोड्यात. पेशींनी दुसऱ्या महिन्यात गुपचूप करायचं काम, त्याला एवढी सुरी, एवढं रडणं.

नरसोबाची वाडी

घरी जायच्या आदल्या दिवशी बाय म्हणाल्या, प्रसाद तरी आणायला हवा, नाहीतर गावाला काय दाखवायचं? यांना भूमीजवळ बसवून आम्ही दोघी वडापच्या जीपमध्ये बसून वाडीला गेलो. मिरजेपासून लांब नाही. रस्त्यात पानमळे लागतात. वाडीला दुकानांची रांग, पेढे, कवठाची बर्फी, कुल्हडात बासुंदी. बायंनी आधी खरेदी केली, मग दर्शन. तेही गर्दी आहे म्हणून लांबून.

घाटावर उन्हानं दगड तापले होते. बाय खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या. एरवी त्या पाय लुगड्याखाली ओढून बसतात. पाणी स्वच्छ होतं. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांमध्ये, दोन्ही पायांना, वरपर्यंत गेलेला पांढरा व्रण मला दिसला. अगदी सारखा, अगदी त्याच जागी. विळा एकदम दोन्ही पायांना लागत नाही.

मी बघते आहे हे त्यांना कळलं. पाय त्यांनी काढून घेतले नाहीत.

"आयनं कापून घेतली," म्हणाल्या. "लग्न ठरलं आनि जोडवी बसंनात. जोडव्याबिगर नवरी कशी उभी करायची? एक न्हावी होता, त्यानं वस्तऱ्यानं कापली. लय दिवस पू व्हता. वाकडी भरली."

"आणि यांची?"

"त्याची कोन कापंल? मी झाले तवा आजीनं आयला लय बोल लावलं, तू काय खाल्लंस, तू कुठं गेलीस. भाऊ झाला तवा तीच बोटं बघून आजीनं आयला साडी घेतली."

नदीवर कुणीतरी दिवा सोडला होता, भर उन्हात ज्योत दिसतही नव्हती. मला त्यांची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. आधी संतापच आला. "तुमच्याच पायात होतं, बाय," मी म्हणाले. "आणि तुम्ही माझे हात बांधलेत."

"मला काय म्हाईत ते हेच हाय?" त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या. "पायाचं पायात. हाताचं हातात. मला कोनी सांगितलं?" मग पदरानं पाय पुसत, "लंगडी पोर दिली म्हनून परत पाठवली मला. तिच्या कापन्यानंच माझं सासर गेलं, हे आयला सांगायचं राहून गेलं."

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. चूक झाली असं मात्र म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली. बर्फीचे पुडे माझ्या हातात देऊन त्या पुढं चालू लागल्या.

घरी

अंजूरला पोचलो त्या संध्याकाळी आळीतल्या बायका प्रसादाला आल्या. ओटीवर बसल्या, बर्फी तोंडात टाकली, दर्शन कसं झालं विचारलं. शेजारच्या सुमनकाकूंनी भूमीला जवळ ओढलं. "अगं बाय माझी! हाताला काय झालं गो?"

ठरलेलं उत्तर होतं, घाटाच्या पायरीवर पडली. ते बायंनी द्यायचं होतं. बायंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं. सांग म्हणून की गप्प बस म्हणून, मला अजून कळलेलं नाही. घसा माझा बंदच होता. मी त्याच्यातूनच बोलले.

"ऑपरेशन केलं. मिरजेला. बोटं जोडलेली होती ती वेगळी केली. यांच्या पायाला आहे तेच हिच्या हाताला आलं. यांच्याकडून."

सुमनकाकू हसल्याच. "काय बोलतेस गो! भाऊची ती लक्ष्मी हाय."

"मग हीपण लक्ष्मी म्हणा. नाहीतर यांच्या आईनंही झोपेत बोटं अडकवली म्हणा. एकच काहीतरी ठरवा."

एवढं मी चारचौघांत कधी बोलले नव्हते. एकीनं बर्फी फार गोड आहे म्हटलं. आतल्या खोलीतून हे ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी एवढंच म्हटलं, "खरं हाय ते." त्यांनी हे दीड वर्ष आधी म्हटलं असतं तर मला हे बोलावं लागलं नसतं.

त्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. माझ्या बापानं विणलेलं कापड आहे, ते का टाकायचं? डॉक्टरांनी भूमीचा हात वर अडकवून ठेवायला सांगितलाय. दोन्ही पट्ट्या जोडून मी तिच्या गळ्यात झोळी केली आहे. दुसऱ्या हातानं ती तिच्याशी खेळत असते.

पोटातलं आता हलू लागलं आहे. त्याची बोटं झाली आहेत, आणि ती कशी आहेत ते मला माहीत नाही. पण पुढचं मला माहीत आहे. जुळलेली असली आणि मुलगा झाला तर करंडा निघेल, मुलगी झाली तर माझं नाव निघेल. म्हणून तो चांदीचा करंडा मी देव्हाऱ्यातून उचलून माझ्या कपाटात ठेवला आहे. भाऊबीजेला बाय मागतील. देईन. पण आधी विचारीन, या घरात कुणाकुणाच्या बोटांना लावणार आहात.